आवाज संपेपर्यंत

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत,
कास्टिंगवर हातोडी मारायची आणि ऐकायचं,
हे माझं काम. एकवीस वर्षं.
एकसंध असलं तर खणखणतं,
आत भेग असली तर बद्द.
बाबालाल मुल्लाणींनी शिकवलं मला.
शेवटी शेवटी त्यांनाच कमी ऐकू यायचं,
मग ते तळवा टेकवून ऐकायचे.

गेल्या श्रावणात मीच बद्द वाजायला लागले.
गॅसवर दूध विसरणं, चष्मा शोधणं
सगळ्यांचंच असतं.
पण मी चाळीस ब्रॅकेटांचा लॉट पास केला
आणि त्यातले वाजवले किती, ते आठवेना.
हात चालू होता. हातोडी चालू होती.
मी तिथं नव्हते.
मी धाकट्याच्या फीमध्ये होते, सासूबाईंच्या शुगरमध्ये,
तीन वर्षांपूर्वीच्या एका भांडणात उभी राहून
आत्ता सुचलेलं उत्तर देत होते.

तीन ब्रॅकेट परत आले.
एक तर वाटेतच दुभंगलेला.
मालक ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं.

डॉक्टर बीपीचा पट्टा सोडत म्हणाले, ध्यान करा.
जसं काही ते लक्ष्मीपुरीत मिळतं,
पाव किलो, कागदात बांधून.

तर पहाटे साडेपाचला रंकाळा.
शिकवतात टिपुगडे बाई, ट्रेझरीतून निवृत्त.
पैसे घेत नाहीत, उशीर खपवून घेत नाहीत.
श्वास मोजा. एक ते दहा. चुकलात की पुन्हा एक.
पहिला पंधरवडा मी चारच्या पुढं गेले नाही.
चारवर डबा यायचा.
चारवर पाण्याची वेळ, गंगावेशीतलं धारेचं दूध,
नणंदेचं न उचललेलं फोन.
एकदा सातला पोचले
आणि मनातल्या मनात म्हणाले, ‘पोचलो की!’
झालं. पुन्हा एक.

बाई, माझं मन थांबत नाही.
‘थांबायला ती काय केएमटी आहे?
गेलं ते कळलं ना तुम्हाला?
मग आलात की परत.
तालमीत पोरं जोर मारतात ती बघा,
खाली गेल्याशिवाय वर येतंय का कोण?’

खरं सांगायचं तर मला श्वासानं जमलं नाही.
जमलं ते एका बुधवारी,
लाइट गेली तेव्हा.
ग्राइंडर थांबले, भट्टीची घरघर बसली,
पंख्याचं पातं दोन-तीनदा उगाच फिरून गप्प झालं.
मी सवयीनं एकावर हातोडी टेकवली
आणि तो आवाज
लांबत गेला, बारीक होत गेला,
केसाएवढा,
मग केसाच्या सावलीएवढा.
बाबालाल म्हणायचे ते वीस वर्षांनी कानात शिरलं:
‘मारलंस ते ऐकू नको पोरी. संपतंय ते ऐक.’
कुठं संपला ते काही सापडलं नाही.
सापडला तो माझाच श्वास, आत जाताना.
तो मी मोजला नाही.

लाइट आली तेव्हा माझे एकोणीस झाले होते.
अकरावा बद्द. त्याच्यावर खडूनं फुली.
विचारा आजही, अकरावाच.

बीपी अजून चढतंच.
परवा छत्री विसरले, तीही दुसऱ्याची.
रंकाळ्यावर काल नऊ झाले, आज तीन.
टिपुगडे बाई वहीत लिहून ठेवत नाहीत
हे बरं आहे.

रात्री भांडी घासून झाल्यावर
तांब्यावर बोटाचं नख मारते, एकदाच,
आणि उभी राहते.
सासूबाई आतून विचारतात,
‘काय वाजवायलीस गं?’
‘ऐकायलोय.’
मग त्याही गप्प. बराच वेळ.
एवढा वेळ त्या कधी गप्प बसल्याचं मला आठवत नाही.
मग म्हणतात,
‘पोचा आलाय त्याला. बुडाला. बघ.’